पेर, पेरलं, पेरलेलं : सो, सोड, सोन



आज खताची मात्रा नाही की बोंडअळीची फवारणी नाही. आजची नोंद एका इंग्रजी शब्दाची आहे. शब्द मात्र आपल्याच कामाचा, पेरणीचा. इंग्रजीत पेरणं म्हणजे 'सो'. त्याची रूपं तीन: सो, सोड, सोन. ही तीन रूपं मी पन्नाशी उलटल्यावर नीट शिकलो. शिकताना ध्यानात आलं की यातल्या शेवटच्या 'न' वर गव्हाचं वाण, पाण्याची तारीख अन् विम्याचा पैसा टांगलेला असतो. तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याला इंग्रजी व्याकरण कशाला? आधी वाचा, मग ठरवा.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, ते आमच्या पोराबाळांच्या वाट्याला. आम्हाला गुरुजी क्रियापदाचे तक्ते पाढ्यासारखे म्हणायला लावायचे. गो-वेंट-गॉन. सी-सॉ-सीन. ईट-एट-ईटन. सिंग-सँग-संग. एका सुरात सगळा वर्ग. वर्गातली पोरं सगळी शेतकऱ्याची नाहीतर मजुराची. मृग लागला की निम्मा वर्ग पेरणीला जायचा. पण आम्ही जो तक्ता घोकला त्यात गाणं होतं, पोहणं होतं, पत्र लिहिणं होतं, पेरणं काही नव्हतं. मी दहावी पास झालो अन् वावरात लागलो. पेरण्या तीस-पस्तीस केल्या, पण त्या कामाचं इंग्रजी नाव कधी लागलं नाही.

ते लागायला लागलं मुलगी कृषी महाविद्यालयात गेल्यावर. तिची पुस्तकं, शिफारशींचे तक्ते, प्रयोगाच्या वह्या घरात आल्या. रिकाम्या वेळी मी चाळायचो. जिकडे तिकडे हाच शब्द. कुठे 'सोईंग', कुठे 'सोन', कुठे 'अनसोन'. मग तिलाच म्हणालो, हा एवढा एक शब्द मला मुळापासून शिकव. बाकीचं इंग्रजी राहू दे.

आधी उच्चार. स्पेलिंग एस-ओ-डब्ल्यू, म्हणायचं 'सो'. पण हेच स्पेलिंग 'साउ' असंही वाचतात, तेव्हा अर्थ होतो डुकरीण. म्हणजे आपण मन लावून पेरायचं अन् वाचणाऱ्यानं डुकरीण वाचायची. शिवणं हे सुद्धा इंग्रजीत 'सो'च, फक्त मधलं अक्षर ओ ऐवजी ई. कानाला काही फरक नाही. पाहिलं याला 'सॉ' म्हणतात, अन् करवतीलाही 'सॉ'. मुलगी म्हणाली, "बाबा, कानावर नका जाऊ, आजूबाजूचे शब्द बघा." हे मला पटलं. गवत अन् पीक एकसारखं दिसतं तेव्हा आपणही नुसतं पान बघत नाही, ते ओळीत आहे का ओळीबाहेर हे बघतो.

आता तीन रूपं. पाठ करायला मी माझी सोय लावली: सो, सोड, सोन. बी मातीत सोड, मग सोनं. ही गंमत झाली, पण त्यानं पाठ पक्कं झालं.

पहिलं रूप 'सो'. हे पुढच्या कामाचं किंवा नेहमीच्या कामाचं. 'वुई सो इन जून' म्हणजे आम्ही जूनमध्ये पेरतो. पुस्तिकेत वाक्य 'सो'नं सुरू झालं तर ती सूचना समजायची: अमुक अंतरावर पेरा. आपला पावशा जसा ओरडून सांगतो ना, पेरते व्हा, पेरते व्हा, तसं हे रूप.

दुसरं रूप 'सोड'. काम झालं, अन् कोणी केलं ते वाक्यात उभं आहे. 'आय सोड' म्हणजे मी पेरलं. 'माय फादर सोड' म्हणजे माझ्या वडिलांनी पेरलं. या रूपाच्या आधी माणूस लागतोच.

तिसरं रूप 'सोन'. हे रूप माणसाचं नाही, रानाचं आहे. पेरलेलं. 'सोन एरिया' म्हणजे पेरलेलं क्षेत्र. 'लेट सोन' म्हणजे उशिरा पेरलेलं. 'वॉज सोन' म्हणजे पेरलं गेलं. कुणी पेरलं ते सांगायची याला गरज नाही. याच्या आधी 'हॅव' जोडलं तर माणूस परत येतो, 'आय हॅव सोन' म्हणजे मी पेरून ठेवलं आहे. पण कागदपत्रात हे रूप बहुतेक वेळा माणसाशिवायच भेटतं. काही शब्दकोशात तिसऱ्या रूपालाही 'सोड' चालतं असं दिलेलं आहे, पण शेतीच्या कागदावर मला तरी 'सोन'च दिसतं.

अन् चौथं म्हणजे 'सोईंग', पेरणी. 'डेट ऑफ सोईंग' म्हणजे पेरणीची तारीख.

आता बघा, हे आपल्या मराठीत नाही का? आहेच. पेर, पेरलं, पेरलेलं. 'मी पेरलं' अन् 'पेरलेलं वावर', यातला फरक आपल्या घरात शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतो. शिवाय क्षेत्रासाठी वेगळा शब्द आहे, 'पेरा'. यंदा मक्याचा पेरा वाढला, असं आपण म्हणतो. म्हणजे जे शिकायचं ते आपल्याला येतच होतं, फक्त कोणत्या खुंटीला काय टांगायचं एवढं कळायचं होतं.

एका ठिकाणी मात्र इंग्रजीचा शब्द आपल्यापेक्षा ढोबळ आहे. आपण तिफणीनं पेरतो, सरकी टोकतो, कांदा अन् मिरची लावतो, मेथी-कोथिंबीर फोकतो. प्रत्येकाचा शब्द वेगळा. इंग्रजीत पेरणं, टोकणं, फोकणं हे सगळं 'सो' मध्ये बसतं. रोपाची लागवड असली की मग 'ट्रान्सप्लांट' म्हणतात. म्हणून कपाशीच्या कागदावर 'सोन' दिसलं तर बिचकू नका. आपण कपाशी 'लावली' म्हणतो, कागद ती 'पेरलेली' म्हणतो. वावर तेच.

आता कामाचं बोलू. गव्हाच्या वाणाच्या माहितीत दोन शब्द येतात, 'टाइमली सोन' अन् 'लेट सोन'. वेळेवर पेरलेला अन् उशिरा पेरलेला. आपल्या भागात हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण आपला गहू कपाशीच्या मागून येतो. दोन-तीन वेचण्या करून नोव्हेंबरअखेर पऱ्हाटी उपटली तरी गव्हाला डिसेंबर उजाडतो. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. उशिराची १५ डिसेंबरपर्यंत. त्यानंतर दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटलपर्यंत घट येते, म्हणजे एकरी एक क्विंटल. कारण साधं आहे. थंडीचे दिवस कमी मिळाले की फुटवे कमी, अन् दाणा भरायच्या वेळी ऊन लागतं.

निफाडच्या गहू संशोधन केंद्राची दोन वाणं आपण ऐकून आहोत. त्र्यंबक म्हणजे एनआयएडब्ल्यू ३०१, हे वेळेवरच्या पेरणीचं. एनआयएडब्ल्यू ३४ हे उशिराच्या पेरणीचं. दोन्ही गहू, दोन्ही पिशव्या सारख्या. पण डिसेंबरच्या वावरात पहिलं टाकलं तर त्या वाणाची बदनामी अन् आपली घट. शिवाय 'लेट सोन' असेल तर बी जास्त धरायचं. वेळेवर हेक्टरी १०० किलो, म्हणजे एकरी ४०. उशिरा १२५, म्हणजे एकरी ५०. दोन ओळीतलं अंतरही वेळेवर २० सेंटिमीटर, उशिरा १८. म्हणजे 'सोन'च्या आधी कोणता शब्द आहे ते वाचलं की वाण, बियाणं अन् अंतर तिन्ही कळतात. दुकानात घाई असते, दुकानदारापुढे वीस माणसं उभी असतात. तेवढा एक शब्द आपला आपल्याला वाचता आला पाहिजे.

दुसरा उपयोग दिवस मोजायचा. शिफारशीत 'डीएएस' असं लिहिलेलं असतं. ते 'डेज आफ्टर सोईंग', पेरणीनंतरचे दिवस. गव्हाला पहिलं पाणी १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटायच्या वेळी. ते चुकवायचं नाही. हा हिशेब पेरणीपासूनचा आहे, उगवणीपासूनचा नाही. उगवण दिसायला आठवडा जातो, अन् तिथून एकवीस मोजले तर पाणी आठवडाभर उशिरा. उगवणीपूर्वीच्या तणनाशकाचंही तसंच, त्याचे दिवस पेरणीपासून धरायचे.

पण धूळपेरणीत काय करायचं? बी कोरड्या मातीत पडलं अन् पाऊस दहा दिवसांनी आला, तर पेरणीची तारीख कोणती? कागदाच्या हिशेबानं वावर 'सोन' झालं. बियाच्या हिशेबानं अजून काहीच झालं नाही, त्याला ओल लागली की त्याचा दिवस सुरू. मी वहीत दोन तारखा लिहितो, पेरल्याची अन् भिजल्याची. कागदाला पहिली देतो, फवारणी अन् खत दुसरीवरून धरतो. कृषी विभागाची जी मंडळी हे वाचत असतील त्यांनी यावर जरूर सांगावं.

तिसरा उपयोग पैशाचा. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आली. तिच्या मूळ नियमात 'प्रिव्हेंटेड सोईंग' म्हणून एक कलम आहे. पाऊसच नाही म्हणून विमा क्षेत्रातला ७५ टक्क्यांहून जास्त पेरा झालाच नाही, तर विमा रकमेच्या २५ टक्के भरपाई. आपल्या राज्यानं २०२५ च्या खरिपापासून असली जोड कलमं काढून पीक कापणी प्रयोगावरचा विमा ठेवला, तो वेगळा विषय. मला सांगायचं ते एवढंच की 'सोन' अन् 'अनसोन' या दोन शब्दांवर सरकारचा रुपया ठरत होता. पेरलेलं अन् न पेरलेलं. मधे फक्त दोन अक्षरं, यू अन् एन.

याचा एक अनुभव आमच्या शिवारातलाच. एका शेजाऱ्याच्या फोनवर इंग्रजीत निरोप आला. त्यानं भाच्याला वाचायला दिला. भाच्यानं वाचलं, 'अनसोन'. याला ऐकू आलं अनशन. संध्याकाळी माझ्याकडे आला, म्हणतो, "भाऊ, म्या कधी अनशनाला बसलो? कुणी नाव दिलं माझं?" हसू आलं, पण निरोप वाचल्यावर हसू गेलं. त्याच्या गटातलं रान पाहणीत न पेरलेलं दिसलं, असं लिहिलं होतं. वावरात तर मका गुडघ्याएवढा उभा. बरं झालं त्यानं ई-पीक पाहणी वेळेत केली होती, उभ्या पिकाचा फोटो सातबाऱ्याच्या नोंदीसकट होता. दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज लिहिला. मराठीतच लिहिला, फक्त एक ओळ इंग्रजीत मी मुद्दाम टाकली: 'द लँड इज सोन'. रान पेरलेलं आहे. 'ही सोड' असं नाही लिहिलं, कारण त्यांचा प्रश्न माणसाबद्दल नव्हता, रानाबद्दल होता. जसा प्रश्न तसं उत्तर. नोंद दुरुस्त झाली.

तेव्हा मला जाणवलं की कागदाची भाषा अन् वावराची भाषा वेगळी असणं हे आपल्याकडे नवं नाही. आपला सोयगाव तालुका निजामाच्या राज्यात होता, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. राज्यकारभार उर्दूत चालायचा. आजोबांच्या वेळचे कागद वाचायला उर्दू जाणणारा माणूस शोधावा लागायचा. आज आपण खरीप अन् रब्बी म्हणतो, ते शब्द मुळात अरबी आहेत. आता कुणाला ते परके वाटतात? वडिलांना विचारलं की कधी पेरलं, ते सांगायचे, मृगाच्या चौथ्या दिवशी. कागदावर मृग चालत नाही, तारीख लागते. म्हणजे दर पिढीला आपलं पेरणं दुसऱ्याच्या शब्दात सांगावं लागलंच आहे. उलटही झालंय. इंग्रज साहेबांना आपले शब्द शिकावे लागले, त्यासाठी मोल्सवर्थनं मराठी-इंग्रजी कोश केला, पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७. त्यांनी आपले शब्द राज्य करायला शिकले, आपण त्यांचे दोन शब्द पीक वाचवायला शिकलो तर कमीपणा कसला?

आता तुम्हाला वाटेल, हे इंग्रजी असं वाकडं का? ग्रो-ग्रू-ग्रोन होतं, थ्रो-थ्रू-थ्रोन होतं, मग सो-सू-सोन का नाही? मलाही हाच प्रश्न पडला. मुलीनं सांगितलं की फार पूर्वी या क्रियापदाचं दुसरं रूपही तसंच वेगळं होतं. नंतर लोकांनी सरळ 'ड' लावून 'सोड' केलं, पण तिसऱ्या रूपातला जुना 'न' तेवढा राहिला. म्हणजे हे क्रियापद अर्धं सुधारलेलं, अर्धं देशी.

मग मी आपल्या मराठीकडे बघितलं, तर आपलं काय सरळ आहे? 'पेर'चं पेरलं होतं, पण 'कर'चं करलं होत नाही, केलं होतं. 'जा'चं गेलं. 'ये'चं आलं. 'दे'चं दिलं, 'घे'चं घेतलं. 'खा'चं खाल्लं, 'मर'चं मेलं, 'हो'चं झालं. 'सांग'चं सांगितलं. लहान लेकरू 'मी करलं' म्हणतं, आपण हसतो. कुणी तक्ता दिला होता आपल्याला? जे शब्द रोज तोंडात, तेच जास्त वाकडे. अन् वाकडे म्हणूनच टिकले, कारण रोजच्या वापरात ते विसरायला वेळच मिळत नाही. वापरात नसलेले शब्द मात्र हळूहळू सरळ होतात. हार्वर्डच्या अभ्यासकांनी २००७ साली 'नेचर' या नियतकालिकात यावर लेख लिहिला. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं त्यांनी घेतली, त्यातली ९८ आज तशी उरली आहेत. जी कमी वापरात ती आधी सरळ झाली.

अन् उरलेल्यांत आपल्या धंद्यातली किती आहेत बघा. डिग-डग-डग, खणणं. फीड-फेड-फेड, चारणं. ब्रीड-ब्रेड-ब्रेड, पैदास करणं. ग्राइंड-ग्राउंड-ग्राउंड, दळणं. मो-मोड-मोन, गवत कापणं. शिअर-शिअर्ड-शोर्न, मेंढीची लोकर कातरणं. बेअर-बोर-बोर्न, फळ धरणं. उलट फोनबरोबर आलेले शब्द, क्लिक करणं, टाईप करणं, डाऊनलोड करणं, सगळे सरळ 'ड' नाहीतर 'ट'वाले. म्हणजे ही भाषाही कधीतरी शेतकऱ्याच्याच ओसरीवर वाढलेली आहे. कोटातल्या साहेबाची म्हणून तिला घाबरायचं कारण नाही.

आपल्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. अजिंठ्याच्या लेण्या आपल्या तालुक्यात. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी तिथं पोचला अन् दहाव्या लेणीत खांबावर नाव अन् तारीख कोरून गेला. १९८३ ला लेण्या जागतिक वारशात गेल्या. फर्दापूरकडची कितीतरी पोरं तिथं दगड, मणी, पुस्तकं विकता विकता इंग्रजी बोलायला शिकली. 'यू कम, यू सी, यू बाय.' पहिल्याच रूपात सगळा व्यवहार होतो, अन् चांगला होतो, कारण समोर माणूस असतो, हातवारे असतात. कागदाला हात नसतात. कागदावर एक अक्षर बदललं की काळ बदलतो, अन् विचारायला समोर कुणी नसतं. म्हणून बोलायचं इंग्रजी अन् कागदाचं इंग्रजी ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याला आधी दुसरं लागतं.

आता मनातलं सांगतो. मागच्या रब्बीत मुलीनं अभ्यासासाठी आपल्याच वावरात हरभऱ्याच्या नोंदी घेतल्या. तिचा अहवाल तयार झाल्यावर मी हळूहळू वाचला, जिथं अडलं तिथं शब्दकोश. एक वाक्य होतं, 'द क्रॉप वॉज सोन' अन् पुढं तारीख. पीक अमुक तारखेला पेरलं गेलं. मी तिला म्हटलं, "कुणी पेरलं?" ती म्हणाली, "बाबा, शास्त्राच्या भाषेत असंच लिहितात. कुणी केलं ते महत्त्वाचं नसतं, काय केलं ते महत्त्वाचं."

तिचं बरोबर आहे. प्रयोग दुसऱ्या कुणीही करून बघितला तरी तेच उत्तर यावं, म्हणून माणसाचं नाव काढायचं, हे मला समजलं. 'सोन' त्यासाठीच आहे. पण त्या दिवशी चाड्यावर मूठ तिच्या आईची होती. सकाळी सातपासून दुपारपर्यंत ओटीत बी घेऊन ती तिफणीमागं चालली. मूठ सारखी पडली म्हणून ओळ सारखी उगवली, अन् ओळ सारखी उगवली म्हणूनच तो तक्ता सारखा आला. बैल धरायला चुलतभाऊ होता. मजुरीला आलेल्या दोघी बाया होत्या, काकऱ्या बुजवायला. 'वॉज सोन' मध्ये यातलं कुणीच नाही. सातबाऱ्यावर माझं एकट्याचं नाव, अहवालात कुणाचंच नाही.

तेव्हापासून मला 'सोड' जास्त आवडायला लागलं. 'सोन' शिकलो ते पीक अन् पैसा सांभाळायला. 'सोड' शिकलो ते माणसं सांभाळायला. दोन्ही लागतात. नुसतं 'मी पेरलं, मी पेरलं' म्हणत बसलो तर कागदावर काम होत नाही. अन् नुसतं 'पेरलं गेलं' लिहीत गेलो तर पुढच्या पिढीला वाटेल वावर आपोआप पेरलं जातं.

पेराल तसं उगवेल ही म्हण इंग्रजीतही आहे, ती त्यांच्या बायबलातून आलेली. तिथं पेरणं म्हणजे 'सो' अन् कापणं म्हणजे 'रीप'. गंमत म्हणजे 'रीप' एकदम सरळ क्रियापद, रीप-रीप्ड-रीप्ड. म्हणजे इंग्रजीत पेरणी अनियमित अन् कापणी नियमित. आपल्याकडे उलटं. पेरणी आपण नियमानं करतो, कापणीचा भरवसा नाही. ऐन सोंगणीत पाऊस येतो.

यंदाच्या रब्बीपासून मी वहीत पान असं आखलंय. डाव्या बाजूला रानाचं: गट नंबर, पीक, वाण, वेळेवर का उशिरा, बी किती, अंतर किती, पेरल्याची तारीख, भिजल्याची तारीख. वर नाव लिहिलं 'सोन'. उजव्या बाजूला माणसांचं: तिफण कुणी हाकली, चाड्यावर मूठ कुणाची, काकऱ्या कुणी बुजवल्या, मजुरी किती दिली. वर लिहिलं 'सोड'. डावी बाजू विम्याला, बँकेला, कृषी सहाय्यकाला दाखवायची. उजवी घरात ठेवायची.

वाचणाऱ्या कृषी अधिकाऱ्यांना अन् बियाणं तयार करणाऱ्यांना एकच विनंती. गव्हाच्या पिशवीवर 'उशिरा पेरणीसाठी' हे मराठीत, ठळक छापा, दुरून दिसेल असं. जागा फार लागत नाही. अन् शेतकरी भावांनो, ते छापून येईपर्यंत पिशवी हातात घेतली की एस-ओ-डब्ल्यू-एन शोधा अन् त्याच्या आधीचा शब्द वाचा. 'टाइमली' असेल तर नोव्हेंबरचं वावर, 'लेट' असेल तर कपाशीमागचं. घरात शाळेत जाणारं लेकरू असेल तर त्याच्याकडून म्हणून घ्या, सो-सोड-सोन. अन् त्यालाही एकदा चाड्यावर मूठ धरायला लावा, म्हणजे शब्दाचा अर्थ त्याच्याही हाताला कळेल.